माथा राहू द्या, पाखरं दाखवा : कुटुंबांना डोंगरात नेणाऱ्या संस्थांना खुले पत्र

प्रति,
कुटुंबांसाठी डोंगरातल्या एकदिवसीय सहली काढणाऱ्या गिर्यारोहण संस्था, निसर्गमंडळं आणि त्यांचे लीडर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या सहलींच्या सूचना मी नेमाने वाचते. ‘सोपी वाट, मुलांना आणि ज्येष्ठांना जमेल अशी चढण, सोबत पक्षिनिरीक्षण’ असं त्यात लिहिलेलं असतं. खाली वेळापत्रक असतं: निघण्याची वेळ, एकूण अंतर, माथ्यावर पोचायची वेळ, जेवण, उतरण. पक्ष्यांसाठी त्यात वेळ कुठेच राखलेला नसतो. चालता चालता काही दिसलं तर दिसलं. मग लीडर पुढे निघून जातो, बॅक लीड मागच्यांना ‘चला, चला’ म्हणत राहतो, आणि झाडात काहीतरी हललं म्हणून थबकलेल्या सहा वर्षांच्या मुलाचा हात धरून त्याची आई त्याला पुढे ओढते. अशा दिवसाला पक्षिनिरीक्षणाची सहल म्हणू नये, असं मला मनापासून वाटतं.

माझी मागणी एका वाक्यात सांगते. कौटुंबिक सहलीचं वेळापत्रक पक्ष्यांच्या दिवसाला धरून आखा, आणि माथा गाठायची अट त्यातून काढून टाका.

ही मागणी अवघड नाही, कारण मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असले की चाल आपोआप मंदावते. पक्षी बघायला हवी तीच ही चाल. तुम्ही मात्र तिला सहलीची अडचण समजता आणि दिवसभर तिच्याशी भांडत राहता.

आधी वेळेचं बोलू. जंगलातल्या छोट्या पक्ष्यांचा दिवस उजाडायच्या आधीच सुरू होतो. तेव्हा हवा थंड आणि शांत असते, वारा पडलेला असतो, आवाज लांबवर पोचतो. नर आपापल्या हद्दी गाऊन जाहीर करत असतात आणि रात्रभराच्या उपासानंतर सगळ्यांनाच खायची घाई असते. सूर्य वर आल्यावर दोन तासांत हा गलबला ओसरतो. तुमच्या बहुतेक सहली पायथ्याशी पोचतात त्या नेमक्या तेव्हा. गट जमणार, ओळखी होणार, सूचना होणार आणि मग चाल सुरू होणार. जंगलाचा टप्पा अशा वेळी पार होतो की मुलांना वाटावं, इथे पाखरं राहतच नाहीत. ओळखी वाटेतल्या पहिल्या थांब्यावर करून घ्या. पण पहिल्या उजेडात झाडीच्या कडेला उभे असा.

त्याउलट, शिकारी पक्षी बघायला पहाटे डोंगराच्या उघड्या धारेवर जाऊन उपयोग नाही. घारी, गरुड, गिधाडं यांना वर चढायला तापलेली हवा लागते. उन्हाकडे तोंड करून असलेले उतार आणि कडे तापतात, त्यांच्यावरची हवा गरम होऊन उठते आणि त्या उठत्या हवेत हे जड पक्षी पंख पसरून घिरट्या घेत उंची गाठतात. उठत्या हवेच्या एका स्तंभाच्या वरच्या टोकापर्यंत चढायचं, तिथून घरंगळत पुढच्या स्तंभापर्यंत जायचं, पुन्हा चढायचं. अँडीज पर्वतात कॉन्डॉर पक्ष्यांवर यंत्रं बसवून केलेला एक अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या पक्ष्यांनी उडण्याच्या एकूण वेळेपैकी जेमतेम एक टक्का वेळ पंख फडफडवले होते. त्यातल्या एकाने तर पाच तासांहून अधिक काळ, जवळपास 172 किलोमीटर, एकदाही पंख न हलवता प्रवास केला. हे मुलांना धारेवर बसवून सांगा आणि मग समोरच्या घारीकडे बोट दाखवून म्हणा, ‘आता ती किती वेळा पंख मारते ते मोज.’ दहा मिनिटं मूल जागचं हलणार नाही. पंखांच्या टोकाची पिसं बोटांसारखी फाकलेली का असतात, शेपूट कोणत्या बाजूला कलली की पक्षी कुठे वळतो, हे त्या दहा मिनिटांत त्याचं त्यालाच दिसायला लागतं.

म्हणजे दिवसाचे दोन भाग आपसूक पडतात. सकाळी झाडीत, कान देऊन. ऊन चढल्यावर उघड्यावर, मान वर करून. वाट निवडताना हा क्रम पाहा. पायथ्याशी जंगल आणि वर मोकळी धार असलेली सोपी वाट मिळाली तर तिच्याहून चांगली वाट शोधायची गरज नाही. कडे जवळ असतील तर पाकोळी पक्षीही दिसतील. अल्पाइन पाकोळी ही जात दोनशेहून अधिक दिवस जमिनीला न टेकता सलग हवेत राहते, हे पाठीवर बसवलेल्या नोंदयंत्रांवरून 2013 मध्ये सिद्ध झालं आहे. खाणं हवेतच, झोपही बहुधा हवेतच.

आता थांब्यांबद्दल, कारण तुमच्याशी माझा खरा वाद तिथे आहे.

जंगलात छोटे पक्षी पुष्कळदा मिश्र थव्यात हिंडतात. नाचण, चष्मेवाला, निखार, रामगंगा, शिलींध्री असे वेगवेगळ्या जातींचे पक्षी एकत्र, झाडामागून झाड पिंजत जातात. कुणी पानांच्या खालच्या बाजूने किडे वेचतो, कुणी खोडावर उलटा उतरतो, कुणी उडालेला किडा हवेत टिपतो. सोबत एखादा कोतवाल पक्षी पहाऱ्याला असतो. या राहणीमुळे जंगल अर्धा तास अगदी मुकं असतं आणि मग अचानक डोक्यावरचं एकच झाड पाखरांनी भरून जातं. दहा मिनिटांत थवा पुढे सरकतो आणि पुन्हा शुकशुकाट. चालणाऱ्या गटाला हा थवा भेटला तर तो नशिबाचा भाग. बसलेल्या गटाकडे तो चालत येण्याची शक्यता बरीच जास्त, कारण आपण शांत बसलो की थोड्या वेळाने पाखरं आपल्याला जमेस धरायचं सोडून देतात.

म्हणून झाडीच्या टप्प्यात निदान दोन थांबे असे ठेवा की जिथे सगळे वीस मिनिटं बसतील आणि मोठ्याने कुणी बोलणार नाही. जागा आधी पाहून ठेवा. झाडी संपून मोकळं रान सुरू होतं ती कड, फळांनी लगडलेलं एखादं झाड, साचलेलं पाणी. ‘मुलं वीस मिनिटं गप्प बसतील का?’ असं तुम्ही विचाराल. नुसतं ‘गप्प बसा’ म्हटलं तर नाही बसणार. काम दिलं तर बसतात. एकाला वरचा शेंडा वाटून द्या, दुसरीला बुंधा, तिसऱ्याला जमिनीवरचा पाचोळा. काही हललं की बोट वर करायचं, तोंड उघडायचं नाही.

इशाऱ्याचे आवाजही ऐकायला शिकवा. रान चिवचिवत असताना सगळे एकदम गप्प झाले, किंवा एकच कर्कश आवाज चारी बाजूंनी उठला, की वर पाहायचं. शिक्र्यासारखा शिकारी पक्षी किंवा घुबड जवळपास असतं. उत्तर अमेरिकेतल्या चिकडी नावाच्या चिमुकल्या पक्ष्यावर 2005 मध्ये एक सुंदर संशोधन प्रसिद्ध झालं. त्याच्या ‘चिक-अ-डी-डी’ या इशाऱ्यात शत्रू जितका घातक तितके शेवटचे ‘डी’ वाढतात. मोठ्या, बोजड घुबडापेक्षा छोट्या, चपळ घुबडासाठी ते जास्त असतात, कारण छोटं घुबडच त्याला खरोखर पकडू शकतं. एकदा हे कळलं की रानातला आवाज मुलांना निव्वळ आवाज वाटत नाही. कोण कुणाला काय सांगतंय याकडे त्यांचे कान लागतात.

दुर्बिणींबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे मुलांवर फार अन्याय होतो. गटात दोन-तीन दुर्बिणी असतात, त्या मोठ्यांच्या गळ्यात. पक्षी दिसला की आधी मोठे बघणार, मग मुलाच्या हातात देणार, तोवर पक्षी उडालेला. शिवाय ती दुर्बीण बहुधा 8×42 ची असते. आठपट मोठं दाखवणारी, पुढच्या भिंगाचा व्यास 42 मिलिमीटर, वजन पाऊण किलोच्या आसपास. पुष्कळ मोठ्या दुर्बिणींच्या दोन नळ्या एका मर्यादेपलीकडे जवळ येत नाहीत आणि लहान मुलांच्या डोळ्यांमधलं अंतर त्या मर्यादेहून कमी असतं. मग मुलाला एक गोल दिसण्याऐवजी कडेने काळ्या पडलेल्या दोन अर्धवट चकत्या दिसतात, हात वजनाने थरथरतात, आणि सगळे आपल्याकडे बघताहेत म्हणून ते बिचारं ‘दिसला, दिसला’ म्हणून मोकळं होतं. असं दोनदा झालं की ते दुर्बीण मागायचंच सोडून देतं. पक्षी आपल्यासाठी नाहीत, अशी त्याची समजूत होऊन बसते.

यावर उपाय आहे आणि तो संस्थेच्या आवाक्यातला आहे. 6×30 च्या हलक्या दुर्बिणी मिळतात. नळ्या पुरेशा जवळ येतात का ते घेताना तपासा आणि गटासाठी अशा चार दुर्बिणी ठेवा. सहापट म्हणजे कमी, असं वाटून घेऊ नका. पट कमी असली की एकूण दिसणारा पट्टा सहसा रुंद असतो आणि हात हलल्याने होणारी थरथरही कमी जाणवते, त्यामुळे नवशिक्याला पक्षी लवकर सापडतो. निघण्यापूर्वी पाच मिनिटं प्रत्येक मुलाच्या डोळ्यांच्या अंतराला नळ्या जुळवून द्या. चष्मा नसेल तर डोळ्यांकडचे रबरी कप वर ओढायचे, असेल तर खाली दाबायचे. मग एकच युक्ती शिकवा. पक्ष्यावरची नजर हलवायची नाही आणि दुर्बीण नजरेच्या आड आणायची. मुलं खाली दुर्बिणीकडे बघतात, मग तिच्यातून झाड शोधत बसतात. दूरच्या एखाद्या दगडावर चार-पाचदा सराव केला की जमतं. जागा सांगताना ‘तो बघ, तिथे, त्या फांदीवर’ याचा काही उपयोग नसतो. झाडाला घड्याळाची तबकडी समजून ‘दोनच्या काट्यावर, वाळक्या फांदीच्या टोकाशी’ असं सांगायची सवय लीडरने आधी स्वतःला लावून घ्यावी.

आणि पहिली पाळी नेहमी सगळ्यात लहान मुलाची. हा नियम लेखी करा.

आजी-आजोबांचं एक सांगायचं राहिलं. वय वाढतं तसे उंच पट्टीतले आवाज आधी ऐकू येईनासे होतात. युरोप-आशियातल्या डोंगरी सूचिपर्णी जंगलांत गोल्डक्रेस्ट नावाचा पाच-सहा ग्रॅमचा पक्षी असतो. त्याचं गाणं साधारण 7 ते 8 किलोहर्ट्झ इतक्या उंच पट्टीत असतं आणि आयुष्यभर पक्षी पाहिलेल्या जाणत्यांनाही एका वयानंतर ते ऐकू येत नाही. नातवाला मात्र लख्ख ऐकू येतं. मला ही जोडी फार मोलाची वाटते. आवाज कुठून आला ते नातवाने सांगायचं, तो कुणाचा असेल ते आजोबांनी. त्यांना एकमेकांशेजारी बसवा. मुलांचा गट वेगळा आणि ज्येष्ठांचा वेगळा करायची जी पद्धत पडली आहे, ती निदान या सहलीत मोडा.

ओढा लागला तर घाईने ओलांडू नका. थंड, खळाळत्या, स्वच्छ पाण्याच्या डोंगरी ओढ्यांवर डिपर नावाचा गोलमटोल पक्षी राहतो. जगात त्याच्या पाचच जाती आहेत: युरोप, आशिया आणि दोन्ही अमेरिकांच्या पर्वतांत. एकदा अशाच एका ओढ्याकाठी आम्ही बसलो होतो. पाण्यातल्या दगडावर तो उभा होता, गुडघ्यात वाकून उठाबशा काढल्यासारखा खालीवर होत. डोळा मिटला की पांढरी पापणी चमकायची. सोबतची एक मुलगी हळूच ‘त्याला थंडी वाजतेय’ म्हणाली. तेवढ्यात तो दगडाच्या उतारावरून सरळ चालत पाण्यात शिरला आणि दिसेनासा झाला. ती घाबरून उभीच राहिली. काही सेकंदांनी जरा वरच्या अंगाला तो बाहेर आला, चोचीत एक अळी, पिसांवरून पाणी ओघळून गेलेलं. पाण्याखाली तळाशी चालत जाऊन, दगडांखालच्या अळ्या वेचून खाणारा हा गाणारा पक्षी. त्याची मदार स्वच्छ पाण्यातल्या किड्यांवर, म्हणून ओढा नासला की तो ओढा सोडतो. स्वच्छ पाणी म्हणजे काय, हे त्या मुलीला नंतर कुणी समजावून सांगावं लागलं नाही. जिथे डिपर नसतो तिथल्या ओढ्यावर शेपटी खालीवर करणारा धोबी सापडेल. तोही तितक्याच लक्षाने बघण्यासारखा आहे.

आता थोडं कडक बोलते, राग मानू नका.

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला समोर बोलवायची पद्धत सहलींत शिरली आहे. मुलं खूश होतात, फोटो मिळतो. पण तो पक्षी येतो तो आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला आहे असं समजून. गाणं, खाणं, जोडीदार, पिल्लं सोडून तो नसलेल्या शत्रूला शोधत फिरतो. तुम्ही निघून जाता, मागून दुसरा गट येतो, पुन्हा तेच. कौटुंबिक सहलीत हे पूर्णपणे बंद करा. आवाज ओळखणारी ॲप वापरा, त्याला माझी ना नाही, फक्त ती ऐकण्यापुरती राहू द्या, आणि ॲपने नाव सांगितलं म्हणजे पक्षी पाहिला असं मुलांना शिकवू नका.

घरट्याच्या फोटोसाठी रांग लावू नका. आई-बाप दूर राहतात, अंडी गार पडतात किंवा उन्हात तापतात, आणि माणसं कुठे वाकून बघताहेत ते कावळे लांबून टिपतात. टिटवीच्या कुळातले पक्षी उघड्या जमिनीवर खळगीत अंडी घालतात. त्यातला एखादा पंख मोडल्याचं सोंग करत फरफटत पुढे जाऊ लागला तर ‘अरे, जखमी आहे’ म्हणून मागे धावायचं नसतं. तुम्ही घरट्याजवळ आहात, एवढाच त्याचा अर्थ. आल्या वाटेने मागे व्हायचं.

कुत्री आणू नका, दोरीला बांधलेली सुद्धा. पुष्कळ कुटुंबांना हे आवडणार नाही. सिडनीच्या कडेच्या जंगलवाटांवर केलेला एक प्रयोग 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. दोरीला बांधलेलं कुत्रं घेऊन माणूस गेल्यावर त्या वाटेवर पक्ष्यांच्या जाती 35 टक्क्यांनी आणि एकूण पक्षी 41 टक्क्यांनी कमी दिसले. माणूस एकटा गेला तेव्हाची घट याहून बरीच कमी होती. पुढे कुत्रं आणि मागे दुर्बिणी अशी सहल काढण्यात अर्थ नाही. ब्लूटूथ स्पीकरबद्दल मी वेगळं लिहीत नाही, तुम्हाला ते माहीत आहे. फक्त सूचनेत स्पष्ट शब्दांत छापा आणि पायथ्याशी तपासून बघा.

राहता राहिला माथा. तुम्ही म्हणाल, लोक पैसे भरतात, माथा झाला नाही तर नाराज होतात. होतात, कारण सूचनेत तुम्हीच माथ्याचा फोटो छापलेला असतो. त्या जागी पक्ष्याचा फोटो छापा, ‘अंतर’ या शब्दाशेजारी ‘थांबे’ लिहा, आणि परतायची वेळ ठरवून टाका. त्या वेळी गट जिथे असेल तिथून वळेल. ज्यांना माथाच हवा त्यांच्यासाठी तुमच्या बाकी सगळ्या सहली आहेतच.

उंचीचा पक्ष्यांशी संबंध आहे, पण तो आपण किती चढलो याचा नाही. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, त्याबरोबर झाडं बदलतात आणि झाडांबरोबर पाखरं. म्हणून नोंद करताना पक्ष्याच्या नावापुढे उंची लिहा. हे काम दहा वर्षांचं मूल मोबाइलवर बघून सहज करू शकतं. त्याचं मोल किती, ते पेरूमधल्या एका डोंगरावर दिसलं. तिथे 1985 मध्ये अभ्यासकांनी पायथ्यापासून माथ्यापर्यंत पक्षी नोंदवले होते. 2017 मध्ये त्याच वाटांवर पुन्हा नोंदी घेतल्या, तेव्हा पक्षी सरासरीने वर सरकलेले आढळले. आणि जे आधीच माथ्याजवळ राहत होते त्यातले काही सापडलेच नाहीत. त्यांना आणखी वर जायला डोंगरच उरला नव्हता. जुन्या नोंदी नसत्या तर हे कुणाला कळलंही नसतं. तुमच्या संस्था त्याच त्या वाटांवर वर्षानुवर्षं माणसं नेतात. इतकी सलग संधी फार थोड्या अभ्यासकांना मिळते. 2002 पासून चालू असलेल्या ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळासारख्या जागी या याद्या टाकता येतात आणि जगातल्या कुठल्याही अभ्यासकाला त्या वापरता येतात. काहीच दिसलं नाही तरी यादी टाका, किती वेळ पाहिलं ते लिहून. घरट्यांच्या जागा मात्र जाहीर करू नका.

पुढच्या हंगामाची वेळापत्रकं तुम्ही लवकरच ठरवाल. त्यातल्या एका सहलीवर तरी हे करून बघा: पहिल्या उजेडात सुरुवात, झाडीत वीस मिनिटांचे दोन थांबे, मुलांच्या मापाच्या चार दुर्बिणी, आणि माथ्याचा उल्लेख नाही. लीडर म्हणून चढाईत तरबेज माणसापेक्षा शांत बसू शकणारा माणूस निवडा. दुर्बिणी जुळवून द्यायला आणि यादी लिहायला माणूस कमी पडत असेल तर मला सांगा, मी येईन. माझ्यासारखे आणखीही पालक आहेत, त्यांनाही घेऊन येईन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मुलांना घेऊन डोंगरात पाखरं बघायला जाणारी एक आई